मुरूम दिसण्याआधी

लीड्स हे उत्तर इंग्लंडमधले, एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांसाठी ओळखले जाणारे शहर. तिथले त्वचारोगतज्ज्ञ विल्यम कनलिफ यांनी आपल्या कारकिर्दीचा फार मोठा भाग अशा एका आजाराला दिला, ज्याला बहुतेक लोक आजार मानायलाच तयार नसतात. तो आजार म्हणजे मुरूम. १९८८ साली त्यांनी आणि नॉरिस या सहकाऱ्याने नुकतेच उगवलेले, ७२ तासांच्या आतले मुरूम निवडले, त्यांचे नमुने घेतले आणि तिथे कोणत्या पेशी जमल्या आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मुरूम म्हटला की पू आणि पू म्हटला की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, हे समीकरण तोवर पक्के होते. प्रत्यक्षात अगदी सुरुवातीच्या तासांत तिथे गर्दी होती ती लसिका पेशींची, त्यांतही टी-पेशींची. न्यूट्रोफिल मागाहून आले.

२००३ साली याच शहरातला संशोधकांचा गट आणखी मागे गेला. ज्यांना मुरूम येतात अशा माणसांच्या अंगावरची, पण डोळ्यांना पूर्ण निरोगी दिसणारी त्वचा त्यांनी तपासली. पुटकुळी नाही, लाली नाही, ब्लॅकहेडसुद्धा नाही. तरीही रोमकूपांच्या भोवती टी-पेशी आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षकपेशी, आधीच येऊन बसलेल्या होत्या. इंटरल्यूकिन-१ हा दाहाचा निरोप्या रेणू तिथे वाढलेला होता. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पांढऱ्या पेशींना थांबवून घेणारे रेणू उमटलेले होते. आणि रोमकूपाच्या तोंडाशी पेशींचा थर जाड होऊन बूच बसण्याची क्रिया, जी पाठ्यपुस्तकांत पहिली पायरी म्हणून शिकवली जात होती, ती अजून सुरूही झाली नव्हती.

या दोन निरीक्षणांनी मुरमांची गोष्ट उलटी केली. या व्याख्यानात पुढे जे येईल ते सारे याच उलटलेल्या क्रमावर उभे आहे.

स्मृतिव्याख्यानासाठी मुरमांसारखा विषय हलका वाटण्याची शक्यता आहे. पण आकडे हलके नाहीत. जागतिक रोगभाराच्या २०१० सालच्या अभ्यासात मुरमांचे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या ९.४ टक्के इतके धरले गेले आणि जगात सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांत त्यांचा क्रमांक आठवा लागला. आपल्याकडे या आजाराचे निदान घरातच होते. ‘वयात आलं की येतातच’, ‘अंगात उष्णता वाढली’, ‘आंबे कमी खा’, ‘तोंड नीट धूत नाहीस’. यांतले शेवटचे वाक्य सर्वांत अन्यायाचे आहे. जुळ्या भावंडांवरच्या २००२ सालच्या ब्रिटिश अभ्यासात मुरमांच्या तीव्रतेतल्या फरकांपैकी सुमारे ८१ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. दिवसातून पाच वेळा साबणाने चेहरा घासणाऱ्या मुलीला अस्वच्छतेचा दोष देणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

आयुर्वेदाने ही व्याधी फार पूर्वी टिपली होती. सुश्रुतसंहितेत तिची नोंद क्षुद्ररोगांत आहे. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पिटिकांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि कारणांत कफ-वातांबरोबर रक्तही धरले आहे. आधुनिक वैद्यकात १८९६ साली जर्मनीच्या पॉल उन्ना यांना ब्लॅकहेडच्या आत जिवाणू दिसले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या रेमों साबूरो यांनी त्यांचे संवर्धन केले. गुन्हेगार सापडला, असे तेव्हापासून मानले गेले. आज या जिवाणूचे नाव क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस आहे. २०१६ सालापर्यंत तो प्रोपिओनिबॅक्टेरियम या प्रजातीत मोजला जात असे, आणि अनेक डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव आहे.

अडचण अशी, की हा जिवाणू स्वच्छ, नितळ चेहऱ्यावरही तेवढ्याच संख्येने राहतो. तो त्वचेचा कायमचा रहिवासी आहे. त्याच्या उपजातींत फरक आहेत आणि काही उपजाती मुरूमवाल्या त्वचेत जास्त आढळतात, हे लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. पण नुसत्या संख्येवरून रोगी आणि निरोगी यांत फरक करता येत नाही. मग एकाच जिवाणूवर एकाचे शरीर चवताळते आणि दुसऱ्याचे शांत राहते, ते कशामुळे? उत्तरासाठी दोन ठिकाणी पाहावे लागते: त्या जिवाणूला पाहणाऱ्या पेशींकडे आणि तो ज्या तेलात राहतो त्या तेलाकडे.

आधी तेल. चेहऱ्यावर आणि डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला ४०० ते ९०० तैलग्रंथी असतात. तळहात आणि तळपायांवर एकही नसते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरके वाढली की या ग्रंथी फुगतात. त्यांच्या पेशी तेल पाझरत नाहीत, तर तेलाने पूर्ण भरून फुटतात आणि स्वतःच तेल होऊन बाहेर येतात. या तेलाला सीबम म्हणतात. त्यात सुमारे १२ टक्के स्क्वालीन असते. जपानचे रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी १९०६ साली शार्क माशाच्या यकृताच्या तेलातून हा पदार्थ वेगळा काढला होता. शरीरातल्या इतर पेशी स्क्वालीन बनवतात आणि लगेच त्याचे कोलेस्टेरॉल करून टाकतात. तैलग्रंथी मात्र मध्येच थांबते आणि स्क्वालीन साठवते. माणसाच्या त्वचेचे हे एक वेगळेपण आहे.

स्क्वालीनच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात. प्राणवायूला अशा जागा फार आवडतात. ऊन, धूर, प्रदूषित हवा यांपैकी काहीही लागले की त्वचेच्या पृष्ठभागावर सर्वांत आधी ऑक्सिडीकरण होते ते स्क्वालीनचे, आणि त्याचे पेरॉक्साइड बनते. १९८० च्या दशकात दोन गोष्टी दाखवल्या गेल्या. हे पेरॉक्साइड सशाच्या कानाच्या त्वचेवर लावले तर रोमकूपांत बुचे बसतात, आणि माणसाच्या ब्लॅकहेडमधले स्क्वालीन बऱ्याच अंशी ऑक्सिडीकृत झालेले असते. पुढे रोममधल्या सान गाल्लिकानो त्वचारोग संस्थेतल्या संशोधकांनी या कामाला नेटाने हात घातला. मुरूमवाल्यांचे सीबम नुसते जास्त नसते, तर त्याची जातही बिघडलेली असते. त्यात ऑक्सिडीकृत स्क्वालीन जास्त असते आणि त्याला आवर घालणारे ई जीवनसत्त्व कमी पडते. हे जीवनसत्त्व तैलग्रंथीच सीबमबरोबर त्वचेवर पाठवत असते. म्हणजे तेल आणि त्याचा रक्षक एकाच वाटेने येतात, पण मुरूमवाल्या चेहऱ्यावर रक्षकाची शिबंदी अपुरी असते. ऑक्सिडीकृत स्क्वालीन त्वचेच्या पेशींवर टाकले की त्या दाहाचे रेणू सोडू लागतात. इथे जिवाणूची गरजही लागत नाही.

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा जर्मन जीवरसायनतज्ज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली रूढ केली. मराठीत ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणता येईल. शरीरात प्राणवायूपासून सतत काही चळवळे रेणू तयार होत असतात: सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल. त्यांना शमवण्यासाठी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी विकरे असतात. उत्पादन वाढले किंवा शमन कमी पडले की ताण निर्माण होतो. मुरमांच्या रुग्णांच्या रक्तात मॅलॉनडायअल्डिहाइड हा चरबी जळल्याचा पुरावा वाढलेला आणि शमन करणारी विकरे मंदावलेली आढळल्याचे अभ्यास तुर्कस्तानात, भारतात आणि इतरत्रही झाले आहेत. पण बरेचसे अभ्यास लहान आहेत. ताणामुळे मुरूम होतात की मुरमांमुळे ताण, हे एका वेळच्या रक्तचाचणीवरून ठरत नाही. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही मर्यादा आधी सांगायला हवी.

आता पेशी. इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. भक्षकपेशींचे शास्त्र तिथे जन्मले. १९०८ चा नोबेल पुरस्कार त्यांना पाउल एर्लिश यांच्याबरोबर मिळाला. ओडेसातले त्यांचे एक विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले, १८९७ मध्ये त्यांनी इथे प्लेगची लस तयार केली आणि परळच्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. मेचनिकोव्ह यांनी काट्याभोवती जे पाहिले तेच रोमकूपाभोवती घडते. फरक एवढाच, की इथे काटा बाहेरून आलेला नसतो.

भक्षकपेशींच्या पृष्ठभागावर जिवाणू ओळखण्यासाठी काही ग्राहक रेणू असतात. त्यांतला एक टोल-लाइक रिसेप्टर-२. कॅलिफोर्नियातल्या जेनी किम, रॉबर्ट मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की मुरमातल्या रोमकूपांभोवतीच्या भक्षकपेशींवर हा रेणू ठळकपणे असतो. अ‍ॅक्निस जिवाणू त्याला भिडला की पेशी इंटरल्यूकिन-१२ आणि इंटरल्यूकिन-८ सोडते. यांतले आठ नंबरचे महत्त्वाचे, कारण न्यूट्रोफिलना बोलावणे धाडण्याचे काम त्याचे. पू का जमतो, याचे उत्तर इथे मिळाले.

२०१४ हे वर्ष या शाखेसाठी भरघोस ठरले. झ्युरिक आणि लॉस एंजेलिस इथल्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की जिवाणू गिळलेल्या पेशीच्या आत एनएलआरपी-३ नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि तिच्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडते. आणखी एका गटाला हीच जुळणी तैलग्रंथीच्या पेशींतही सापडली. तिथे ती घडण्यासाठी प्राणवायूचे चळवळे रेणू लागतात, असे दिसले. म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण हा दाहाचा नुसता परिणाम नाही, दाहाचा खटका दाबण्यातही त्याचा हात आहे. त्याच वर्षी फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मुरमांमध्ये टी-पेशींचा आणखी एक प्रकार नोंदवला. तो इंटरल्यूकिन-१७ सोडतो, आणि सोरायसिससारख्या आजारात याच रेणूने थैमान घातलेले असते. लीड्सला १९८८ साली दिसलेल्या टी-पेशी कोण होत्या आणि तिथे काय करत होत्या, याचे उत्तर यायला असा पाव शतकाचा काळ गेला.

खुद्द त्वचेच्या पेशीही नुसत्या बघ्या नसतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवले, की अ‍ॅक्निस जिवाणूचा स्पर्श होताच त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी काही वेळातच सुपरऑक्साइड सोडतात. त्यामुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते, पण त्याच सुपरऑक्साइडमुळे इंटरल्यूकिन-८ ही सुटते. बचाव आणि बिघाड एकाच कृतीत.

न्यूट्रोफिल आले की हे सगळे अनेक पटींनी वाढते. न्यूट्रोफिल अल्पायुषी पेशी आहे. जिवाणू गिळला की ती एकाएकी भरपूर प्राणवायू ओढते. एका विकराने त्याचे सुपरऑक्साइड होते, त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग मायलोपेरॉक्सिडेज हे विकर त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमधले क्रियाशील रसायन ते हेच. हे विकर रंगाने हिरवट असते, म्हणून पिकलेल्या पुवाला हिरवी झाक येते. पेशी मरताना हा सारा दारूगोळा आजूबाजूच्या ऊतींवर सांडतो. त्याबरोबर कोलॅजन तोडणारी विकरेही येतात. मिशिगन विद्यापीठाच्या २००५ सालच्या अभ्यासात मुरमांच्या जागी अशी विकरे वाढलेली प्रत्यक्ष मोजली गेली. चेहऱ्यावरचे खड्डे इथून सुरू होतात.

बोटांनी मुरूम पिळण्याचे नुकसानही इथेच समजून घ्यावे. दाब दिला की थोडा पू बाहेर येतो, पण रोमकूपाची भिंत आतल्या बाजूला फुटते. केरॅटिन, ऑक्सिडीकृत तेल आणि जिवाणू हे सारे खालच्या थरात जाते. तिथल्या पेशींना ते परके वाटते आणि दाहाची नवी फेरी सुरू होते.

व्रण कोणाला पडतात आणि कोणाला नाही, यावर लीड्सच्याच गटाचे २००४ सालचे काम आहे आणि ते विलक्षण आहे. ज्यांना व्रण पडत नाहीत त्यांच्या मुरमांत सुरुवातीला पेशींचा मोठा लोंढा येतो, काम उरकतो आणि ओसरतो. ज्यांना व्रण पडतात त्यांच्यात सुरुवातीची प्रतिक्रिया तुलनेने दुबळी असते, पण ती रेंगाळते आणि मुरूम बरा होत आल्यावरही पेशी तिथून हलत नाहीत. दाह किती मोठा, यापेक्षा तो वेळेवर संपतो की नाही याला जास्त महत्त्व आहे.

इथवरचे वाचून कोणालाही वाटेल, की प्राणवायूचे रेणू हे खलनायक आहेत आणि अँटिऑक्सिडंट हा उपाय. बाजारही हेच सांगतो. सीरमच्या छोट्या बाटलीवर मोठ्या किमतीसह हे छापलेले असते. पण याच टप्प्यावर शास्त्राने एक वळण घेतले आहे.

२०२२ साली लॉस एंजेलिसच्या गटाने मुरमांतल्या पेशी एकेक करून वाचल्या. त्यांना तिथे ट्रेम-२ हा रेणू बाळगणाऱ्या भक्षकपेशींची मोठी संख्या आढळली. या पेशी चरबी गिळून फुगलेल्या असतात, हृदयविकारात धमन्यांच्या भिंतीत सापडणाऱ्या फेसाळ पेशींसारख्या. प्रयोगशाळेत साध्या भक्षकपेशींना स्क्वालीन दिले की त्यांचे रूपांतर अशा पेशींत होते. या पेशी जिवाणू गिळतात, दाहाचे रेणूही सोडतात, पण जिवाणूला मारू शकत नाहीत. कारण स्क्वालीन त्यांच्यातली प्राणवायूचे शस्त्र बनवणारी विकरे दाबते आणि जे थोडे रेणू बनतात ते स्वतः शोषून घेते. म्हणजे बाहेर, त्वचेच्या पृष्ठभागावर, स्क्वालीन ऑक्सिडीकृत होऊन आग लावते, आणि पेशीच्या आत तेच स्क्वालीन अँटिऑक्सिडंट बनून सैनिकाच्या हातातले शस्त्र काढून घेते.

याच संशोधकांनी त्यावरून एका जुन्या कोड्याचा उलगडा सुचवला. मुरमांवरचे सर्वांत भरवशाचे मलम म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. ते चक्क ऑक्सिडीकारक आहे. उशीचा अभ्रा आणि टॉवेल त्याने पांढरे पडतात. प्राणवायूचे रेणू सरसकट वाईट असते तर हे औषध लावून मुरूम वाढायला हवे होते. पेशींना जे मारक रेणू बनवता येत नाहीत, ते हे मलम बाहेरून पुरवते, असा त्यांचा तर्क आहे. अनेक दशके वापरूनही जिवाणूंना त्याची सवय झालेली नाही, ही आणखी एक मोठी गोष्ट. प्राणवायूचे हे शस्त्र शरीराला किती आवश्यक आहे, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारातही दिसते. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या विकारात न्यूट्रोफिलना सुपरऑक्साइड बनवता येत नाही. त्या मुलांना जिवाणू आणि बुरशीचे जीवघेणे संसर्ग वारंवार होतात.

तेव्हा प्रश्न चळवळ्या रेणूंच्या असण्याचा नाही. ते कुठे आहेत, केव्हा सुटले आणि कधी थांबले, हा आहे. भक्षकपेशीच्या आत, जिवाणूभोवती, काही मिनिटांसाठी ते हवेतच. रोमकूपाच्या तोंडाशी तेलात, किंवा मेलेल्या न्यूट्रोफिलच्या आजूबाजूला, दिवसेंदिवस राहिले तर ते घातक. गोळी किंवा सीरमला हा फरक कळत नाही. त्यामुळे ‘अँटिऑक्सिडंट’ एवढ्याच शब्दावर विसंबून पैसे खर्च करणे शहाणपणाचे नाही. या वाटेवर गंभीर प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. स्वीडनच्या गेर्ड मिखाएल्सन यांनी १९७७ मध्ये जस्ताचा आणि १९८४ मध्ये सेलेनियम व ई जीवनसत्त्वाचा मुरमांवरचा परिणाम अभ्यासला. दुसऱ्या अभ्यासाची सुरुवातच ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजच्या मोजणीने झाली होती. जस्ताचा थोडा उपयोग होतो, असे नंतरच्या चाचण्यांतूनही दिसते. पण प्रस्थापित औषधांच्या जागी ते बसत नाही.

प्रस्थापित औषधांकडे या नव्या नजरेने पाहिले की त्यांचे गुण वेगळेच उमगतात. टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक जिवाणू मारतात म्हणून दिली जात. जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले, की ती न्यूट्रोफिलमधून सुटणाऱ्या चळवळ्या रेणूंनाही आवर घालतात. पुढे २००३ साली डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे जिवाणूंना धक्काही न लागणाऱ्या मात्रेत देऊन पाहिले. मुरूम कमी झाले, त्वचेवरचे जिवाणू होते तसेच राहिले. औषध पेशींवर काम करत होते. आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ मध्ये परवानगी मिळाली. तैलग्रंथी आकसवणारे औषध म्हणून त्याची ख्याती. २०१२ सालच्या अभ्यासात दिसले, की मुरूमवाल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर टोल-लाइक रिसेप्टर-२ निरोगी माणसांपेक्षा जास्त असतो. आयसोट्रेटिनॉइन सुरू केल्यावर आठवड्याभरातच तो उतरतो आणि औषध थांबवून सहा महिने झाले तरी उतरलेला राहतो. गोळ्या संपल्यावरही चेहरा स्वच्छ का राहतो, याचे एक उत्तर त्यात आहे. हे औषध गर्भाला गंभीर व्यंग आणते. त्यामुळे गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांच्या काटेकोर देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे आहे, हे इथे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

आहाराबद्दल थोडक्यात. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर २००२ सालच्या अहवालानुसार १२०० माणसे तपासली, त्यांत मुरूम एकालाही नव्हते. ऑस्ट्रेलियात तरुण मुलांना १२ आठवडे साखर आणि मैदा कमी असलेला आहार दिल्यावर मुरूम घटले. गोड, मैद्याच्या पदार्थांनी इन्शुलिन आणि त्याच्या नात्यातले वाढघटक चढतात, आणि तैलग्रंथी त्यांना प्रतिसाद देते. आंब्याच्या उष्णतेपेक्षा बाटलीबंद सरबत आणि बिस्किटांच्या पुड्याकडे लक्ष दिलेले बरे.

सावळ्या त्वचेला या साऱ्याची एक वेगळी किंमत मोजावी लागते. दाह शमला तरी त्याच्या रेणूंनी चेतवलेल्या रंगपेशी मेलॅनिन सांडून जातात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या त्वचेचे नमुने तपासले तेव्हा बाहेरून साध्या, दाह नसलेल्या दिसणाऱ्या ब्लॅकहेडमध्येही सूक्ष्मदर्शकाखाली भरपूर दाह आढळला होता. आपल्या त्वचेलाही हे लागू पडण्यासारखे आहे. म्हणून ‘दोन-चारच आहेत, जातील’ हा सल्ला आपल्याकडे महागात पडतो. शिवाय दाह निरोगी दिसणाऱ्या रोमकूपांभोवतीही दबा धरून असतो, त्यामुळे मलम उठलेल्या पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही. ते साऱ्या भागावर, पातळ थरात आणि सलग दोन-तीन महिने लावावे लागते. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणारे बहुतेक लोक औषध लागू पडण्याआधीच थांबतात.

आणि शेवटी स्टिरॉइडची मलमे. त्यांनी पहिल्या आठवड्यात जो गुण येतो तो खरा असतो, कारण ती टी-पेशी, भक्षकपेशी, न्यूट्रोफिल या सगळ्यांनाच गप्प करतात. लाली जाते, चेहरा उजळ दिसतो. पण रोमकूपातले तेल, बूच आणि जिवाणू जिथल्या तिथे असतात. मलम थांबले की दबलेला दाह दुप्पट जोराने उसळतो, माणूस पुन्हा मलम लावतो, आणि मधल्या काळात त्वचा पातळ होते, केस वाढतात, रक्तवाहिन्या दिसू लागतात. भारतातल्या १२ केंद्रांत झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास चेहऱ्याच्या विकारांच्या २९२६ रुग्णांचा होता. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. कोणी गोरेपणासाठी, कोणी दाढीनंतर, तर कोणी मुरमांसाठीच. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणे किंवा आधीचे वाढणे. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. कायदा झाला, पण शेजारणीने सुचवलेली किंवा दुकानदाराने पुढे केलेली ट्यूब अजूनही घराघरांत आहे.

या सभागृहातल्या आणि हे छापील व्याख्यान वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. घरी गेल्यावर आरशाजवळची ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांतले घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ते मुरमांसाठी किंवा गोरेपणासाठी लावले जात असेल, तर ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मूल चौदा वर्षांचे असेल, मुरूम चारच असतील, तरीही जा.